मागच्या खोलीतल्या पडद्याची साखळी

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही. तुझी आई ठणठणीत आहे आणि माझ्यावर ओरडायला तिच्यात अजून भरपूर दम आहे. पत्र लिहितोय कारण फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेज टाकला की दोन निळ्या टिका येतात, पुढे काही नाही. टिकांशी किती बोलणार माणूस?

कामाचं सांगतो. तुमच्या मागच्या खोलीत, जिथे जावई वाचत बसतात, तिथे मी रोलरचा पडदा लावलाय. आई काल जेवताना म्हणाली की ती खोली आता छोटीला करणार. एक तारखेपासून ती तिथे झोपणार आणि तिची कठड्याची खाट खिडकीखाली येणार, कारण दुसरीकडे कपाटाचं दार उघडत नाही. ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला.

तो पडदा वरखाली करायला बाजूला मण्यांची साखळी आहे ना, ती वरून खाली येते आणि परत वर जाते. म्हणजे खाली तिचा गोल लोंबतो. मोठ्या माणसाला त्याचं काही नाही. पण खाटेत उभं राहायला लागलेल्या पोराचं डोकं त्यात सहज जातं, आणि मग पाय घसरायचाच काय तो अवकाश. म्हणून ती साखळी एका छोट्या प्लास्टिकच्या क्लिपमधून ओवतात आणि क्लिप खाली भिंतीला स्क्रूने बसवतात. साखळी ताठ राहते, गोल लोंबत नाही.

ती क्लिप तुमच्याकडे बसवलेली नाही. पडद्याच्या वरच्या पट्टीमागे पुडीतच आहे, टेपने चिकटवलेली. आमच्या धंद्यात सगळेच तसं करतात. गिऱ्हाईकाला पुढेमागे हवी झाली तर हरवायला नको म्हणून. आणि तूच तेव्हा म्हणाली होतीस, नवा रंग आहे, जास्त भोकं पाडू नका. आठवत असेल.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाईकाकडे यावरून जरा गडबड झाली, म्हणून डोक्यात आलं. फार काही नाही.

पंधरा मिनिटांचं काम आहे. जावई शाळेत असतील तेव्हा येतो, भोकं पाडतो, धूळ पुसतो, निघतो. पाणीसुद्धा मागणार नाही. वार तेवढा कळव.

बाबा


१२ फेब्रुवारी

बारके,

"बघू."

आठ दिवसांनी तुझ्या आईच्या हाती एवढं उत्तर आलं. अगं, बघू हे कचेरीतल्या कारकुनाने म्हणायचं असतं. पोटच्या पोरीने नाही. मी आईला विचारलं, बघू म्हणजे कधी बघू? ती म्हणाली, बघू म्हणजे बघू, मला मध्ये घेऊ नका, मी तुमची पोस्टमन नाही.

वर मलाच ऐकवलं. तुमचं लांडगा आला रे झालंय, म्हणाली. गॅसची नळी बदला म्हणून सहा महिने पोरीच्या मागे भुणभुण लावलीत, नळी चांगली निघाली. गॅलरीच्या गजांमधलं अंतर मोजायला टेप घेऊन गेलात. गीझरवाल्याला तिच्या घरात उभं करून झापलंत. आता ती कशाला ऐकेल? मी म्हटलं, अगं, पण त्या गोष्टीत शेवटी लांडगा येतो! तर म्हणते, हो, आणि तेव्हा कुणी धावत नाही, ते कुणामुळे?

बोल आता. चाळीस वर्षांचा संसार, आणि एकदाही माझी बाजू नाही.

बरं, फळीचंही बोलून टाकतो, नाहीतर तू म्हणशील बाबा सोयीचं तेवढं लिहितात. जावयांनी लावलेली फळी वाकडी होती. होतीच. एका टोकाला बोटभर खाली. पण पाहुण्यांनी घर भरलेलं असताना, जावयांच्या आईवडिलांसमोर मी ती उतरवायला नको होती. आणि "मास्तर, तुम्ही फळ्याचं बघा, फळीचं आमच्यावर सोडा" हे तर अजिबात म्हणायला नको होतं. सगळे हसले, ते नाही हसले. तू मला दारापर्यंत सोडायला आलीस आणि म्हणालीस, बाबा, आमच्या घरातल्या एकाही स्क्रूला परत हात लावायचा नाही. मीही तोऱ्यात म्हटलं, मग येतच नाही. झालं. दोन वर्षं तू तुझ्या जागी, मी माझ्या. छोटी झाली तेव्हा दवाखान्यात आलो होतो मी. खाली बाकावर बसून परत आलो. आईला बोलू नको म्हणालो होतो.

आता काम. मी जुनी वही काढलीय, जिथे जिथे लहान पोरं आहेत त्या घरी जातोय. लोक काय काय बोलतात, ऐक. एक म्हणाले, काका, आमचा मुलगा तसा नाहीये, समजूतदार आहे. वय काय, तर अडीच! एक बाई म्हणाल्या, भिंतीला आत्ताच कागद लावलाय, भोक नको. एकाने दारच अर्धं उघडलं आणि सांगितलं की आम्हाला काही घ्यायचं नाही. अहो, मी विकायला नाही, मी माझंच काम पुरं करायला आलोय! पालथ्या घड्यावर पाणी नुसतं. तिकडे लोक आणि इकडे तू.

एक मात्र नीट वाच. तुम्ही स्वतः त्या पडद्याला हात लावू नका. आत स्प्रिंग असते. चुकीचं काही ओढलं तर सगळा रोलर सुटून खाली येईल, आणि खाली खाट आहे. भिंतही तिथे पोकळ विटांची आहे, नवख्याने ड्रिल लावलं तर ढलपे पडतील. हे माझंच काम आहे.

वार कळव. रविवार सोडून कुठलाही. रविवारीही चालेल.

बाबा


२० फेब्रुवारी

बारके,

गाठ मारली? गाठ!

तुझी आई तुमच्याकडून विजयी मुद्रेने आली. म्हणाली, झालं तुमचं काम, मी साखळीला मधोमध गाठ मारून आले, आता ती खाली लोंबत नाही. वर तू म्हणालीस म्हणे, की चला, आता बाबा शांत होतील. मी शांत होऊ? अगं, गाठीने गोल जात नाही, लहान होतो! आधी खांद्यापर्यंत आला असता, आता बरोबर मानेत बसेल. आणि गाठ सरकत नाही, सुटत नाही. मी ओरडलो. आई रडली. मग मला वाईट वाटलं आणि मी चहा केला, तो तिने प्यायला नाही. उद्या सकाळी ती येऊन गाठ सोडेल. तिला सोडू दे.

तू आईला विचारलंस ना, यांना एवढं काय झालंय? तिला माहीत नाही. मी तिला सांगितलेलं नाही. तुला सांगतो.

"गडबड" झाली म्हणालो होतो. तीन वर्षांची मुलगी होती. दुपारची वेळ. तिची आई शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, दार सताड उघडं. मुलगी पलंगावर उभी राहून खिडकीतून बघत होती. तो गोल तिच्या गळ्यात गेला आणि ती पलंगावरून उतरायला गेली. बारके, आवाज होत नाही. मला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, पोर रडेल, किंचाळेल, कुणीतरी धावेल. गळा आवळल्यावर रडणार कसं? मामा चार्जर न्यायला खोलीत आला म्हणून दिसलं. वाचली. दोन दिवस दवाखान्यात होती. गळ्यावर वळ आहे, तो जाईल म्हणतात.

पडदा मी लावलेला. तिच्या बापाने फोन केला, तुम्हीच लावलाय ना, या आणि घेऊन जा. मी स्टुलावर चढलो. वरच्या पट्टीमागे हात घातला आणि पुडी हाताला लागली. माझी टेप, टेपवर पेन्सिलीने माझ्या अक्षरात तारीख. तो खाली उभा होता. म्हणाला, काय आहे ते? मी म्हणालो, काही नाही, कचरा आहे. आणि खिशात घातली.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटते. रागही येतो, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की भोकं नकोत असं तूच म्हणालीस. तू काही म्हणाली नव्हतीस. मी विचारलंच नव्हतं. कुणालाच विचारत नव्हतो. ती क्लिप बसवायला आणखी दोन भोकं लागतात, प्लास्टर कच्चं असलं की ढासळतं, मग पुट्टी भरत बसा, अर्धा तास जातो आणि पुढचं गिऱ्हाईक फोन करत असतं. म्हणून पुडी वर चिकटवायची आणि पुढे चालायचं. "गिऱ्हाईकालाच नको असतं" हे आम्ही एकमेकांना सांगायचो. गिऱ्हाईकाला पुडी आहे हेसुद्धा माहीत नसायचं.

एक तारीख नऊ दिवसांवर आलीय. आता तरी वार कळव.

बाबा


२ मार्च

बारके,

परवा काय झालं ते जावयांनी तुला सांगितलं असेल. माझ्याकडूनही ऐक.

एक तारखेची वाट न बघता खाट तुम्ही आधीच हलवलीत, आणि आईच्या फोनवर तू तो व्हिडिओ पाठवलास. छोटी खाटेत उभी, दोन्ही हातांनी साखळी धरलेली, पडदा वरखाली करतेय आणि खिदळतेय. तुझा आवाज, "बघा कशी हुशार!" तुझी आईही हसत होती. मला फक्त त्या पोरीच्या डाव्या खांद्यावर आलेली साखळी दिसत होती. मी फोन लावला, तू उचलला नाहीस. मग पिशवी उचलली आणि निघालो.

तुमच्या इमारतीखाली पोचलो आणि बेल दाबवेना. दोन वर्षांनी जाऊन काय म्हणायचं, हेच जुळवत पायरीवर उभा राहिलो. तेवढ्यात जावई कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आले. मला बघून थबकले. मग म्हणाले, "बाबा, वर चला." मी म्हणालो, तिने बोलावलं तर येईन. ते म्हणाले, "ती झोपलीय, रात्रभर जागरण झालंय. बरं, मग मला सांगा काय करायचं ते. मी करतो. साधंच असेल ना?"

सरळ विचारत होते. टोमणा नव्हता. आणि मी काय बोललो? "ते तुम्हाला नाही जमायचं."

सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो असा. त्यांनी कचऱ्याची पिशवी खाली ठेवली. म्हणाले, "मग तुम्ही वर येत नाही, आणि मला सांगतही नाही. आम्ही करायचं तरी काय?" मी म्हणालो, साखळी वर खिडकीच्या कडीत अडकवून ठेवा, तिच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. ते बरं म्हणाले आणि वर गेले. मी ड्रिलची पिशवी घेऊन बसस्टॉपवर तासभर बसलो. तीन बस सोडल्या.

आईने काल विचारून आणलं. साखळी कडीत अडकवलीय, पण पडदा रोज खाली घ्यावा लागतो, सकाळचं ऊन थेट तिच्या तोंडावर येतं, आणि मग अडकवायचं कधी राहतं कधी नाही. राहणारच. लहान पोराच्या घरात कशाची आठवण राहते? मी म्हणत नाही तुम्ही बेफिकीर आहात. मी म्हणतो, आठवणीवर सोडायची गोष्ट नाही ही.

मी तुझ्या पाया पडायचा तेवढा राहिलोय. फक्त पंधरा मिनिटं येऊ दे.

बाबा


६ मार्च

बारके,

काल तू मला विचारलंस. दोन वर्षांत तुझ्याकडून आलेला पहिला मेसेज. तो मी इतक्यांदा वाचलाय की तुझ्या आईने फोन काढून घेतला. उत्तर तिथे बोटाने टिपत बसण्यासारखं नाही, म्हणून हे.

आधी काल काय झालं ते सांगतो. वहीतल्या एका घरी गेलो होतो. जुळी पोरं, दोघंही चालती झालेली. त्यांची आई शिवणकाम करणारी, कामात गढलेली. मी तिला नेहमीचं सगळं सांगितलं, गोल, क्लिप, दोन भोकं. ती बरं म्हणाली. मी ड्रिलची वायर लावायला प्लग शोधत होतो, तो मशिनच्या मागे होता. पाठीमागे कचकन आवाज आला. वळून बघतो तर बाईने पडदा पुरता वर घेतलाय आणि कापडाच्या कात्रीने साखळी कापलीय. एक टोक धरून तिने ओढलं, दुसरं टोक रोलरवरून फिरून सरळ तिच्या हातात आलं. काही सुटलं नाही, काही पडलं नाही. तिने साखळी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "झालं ना?"

मी म्हणालो, झालं.

"काका, मग घरोघरी पायपीट कशाला करताय? फोनवर सांगायचं ना सगळ्यांना, कापा म्हणून."

मी तिच्या जिन्यात बसलो आणि तुला मेसेज टाकला. पडदा पूर्ण वर घे, साखळी काप, एक टोक ओढून काढून टाक, आत्ता. टिका निळ्या झाल्या. तीन मिनिटांनी फोटो आला, तुमच्या जेवणाच्या टेबलावर दोन हात लांब साखळी. खाली तू लिहिलंस, "कापली. एवढंच होतं तर पहिल्याच पत्रात का नाही सांगितलंत?"

काल तिथून उठून घरी आलो आणि वहीतल्या उरलेल्या सगळ्यांना फोन केले. चौदा घरं. बहुतेकांनी मी बोलत असतानाच कापली. संध्याकाळपर्यंत काम संपलं. महिनाभर मी चप्पल झिजवत होतो ते. मग त्या तीन वर्षांच्या मुलीच्या बापाला फोन केला आणि पुडीत काय होतं ते सांगितलं. तो जे बोलला ते मला बोलायलाच हवं होतं. ते इथे लिहीत नाही.

आता तुझा प्रश्न.

पहिलं उत्तर असं की आमच्या हातून साखळी कापवत नाही. पडद्याचा जीव तिच्यात असतो. कापली की तो पडदा वर अडकून बसतो, कामातून जातो. आयुष्यभर माल जपला, तो कापा असं तोंडातून यायला जड जातं. हे खरं आहे.

दुसरं असं की तो पडदा मी तुझ्यासाठी केला होता. कापड मी निवडलं, कडा मी शिवल्या. आई सांगते, जावई म्हणत होते बदलून टाकू, आणि तू म्हणालीस, राहू दे, बाबांनी लावलाय. ते ऐकल्यावर तर तो कापा म्हणायची छाती झाली नाही. हेही खरं.

पण या दोन्ही कारणांनी तुझ्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, ते मलाही कळतंय. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, अशी माझी आधीची चारही पत्रं झालीत. म्हणून आता लपवत नाही.

त्या रोलरमध्ये स्प्रिंग नसते. स्प्रिंगचे पडदे वेगळे, त्यांना साखळीच नसते. मी खोटं लिहिलं. तुम्ही हात लावू नये म्हणून लिहिलं. तुमची भिंतही पोकळ नाही, चांगली भरीव आहे, जावयांनी सहज दोन भोकं पाडली असती. आणि कात्री मला त्या शिवणवाल्या बाईने सुचवली, असं वाटेल तुला. तसंही नाही. कात्री मला पहिल्याच दिवशी सुचली होती. तीन तारखेला, हातात घास होता तेव्हाच. आईला म्हणायचं, अगं, पोरीला फोन लाव, साखळी कापून टाक म्हणावं. एक मिनिट लागलं असतं. मी तो घास खाल्ला, हात धुतला आणि कागद घेऊन बसलो.

त्याला महिना झाला. त्यातले पाच दिवस छोटी त्या साखळीखाली झोपली, आणि मला माहीत होतं. व्हिडिओ बघितला तेव्हाही माहीत होतं. जावई समोर उभे राहून काय करू विचारत होते तेव्हा तर एक शब्द पुरला असता. मी खांद्यावर ड्रिलची पिशवी घेऊन उभा होतो आणि तो शब्द गिळला.

हे वाचून तू परत फोन उचलणार नाहीस, असं तुझ्या आईला वाटतं. तिला सगळं सांगितलंय. तीही कालपासून बोलत नाही. पत्र टाकू नका म्हणाली, पोर सुखरूप आहे, कशाला उकरता. पण तू सरळ विचारलंस आणि मला सरळ सांगायचंय.

कात्रीने काम होतं असं लिहिलं असतं, तर तू मला घरी बोलावलं नसतंस.

बाबा